अल कुसैसचा कमिशनर

सूर्यकांत मोहरीर आमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी होते. त्यांना कुणी निवडून दिलं नव्हतं. दुबईत भाडेकरूंची सोसायटी असा प्रकारच नसतो. बिल्डिंग मालकाची, नियम मालकाचे, आणि मालक वर्षानुवर्षं दिसत नाही. पण पुण्याच्या माणसाला एका जिन्यावर चार बिऱ्हाडं दिसली की त्याला कमिटी सुचते. सूर्यकांतरावांना ती सुचली, आणि ती सुचण्यासारखा भरपूर वेळ त्यांच्याकडे होता.

ते एका बिल्डरच्या कंपनीत प्लॅनिंग मॅनेजर होते. दोन हजार आठच्या शेवटी क्रेन थांबल्या आणि प्लॅन करायला काही उरलं नाही. पुढचं वर्षभर ते रोज टाय बांधून ऑफिसात जात, एसीत बसत आणि संध्याकाळी परत येत. एवढी शिल्लक राहिलेली अक्कल कुठेतरी वापरायला हवी. ती त्यांनी आमच्या अल कुसैसच्या सात मजल्यांवर वापरली.

त्याच काळात बिल्डिंगमधली बिऱ्हाडं जाऊ लागली. कुणाची नोकरी गेली, कुणाचा पगार निम्मा झाला. रिकाम्या फ्लॅटमध्ये मालकाने बॅचलर भरायला सुरुवात केली. इथे बॅचलर म्हणजे अविवाहित नव्हे. ज्याची बायको इथे राहत नाही तो बॅचलर, मग गावाकडे त्याला तीन मुलं असोत. तिसऱ्या मजल्यावर ३०४ मध्ये चार मराठी मुलगे आले. त्यांतला नीरव रेवदंड्याचा, एका कार्गो कंपनीत होता. त्याची बायको आणि दोन वर्षांची मुलगी रेवदंड्यालाच होत्या. म्हणजे तो बॅचलरच.

सूर्यकांतरावांनी नोटीस लावली. डावी लिफ्ट फॅमिलींसाठी, उजवी बॅचलर आणि सामानासाठी. गच्चीवरचा स्विमिंग पूल फक्त फॅमिलींसाठी. खाली लिहिलं होतं की हा नियम कुणाच्याही विरोधात नसून सर्वांच्या सोयीसाठी आहे. वॉचमन इद्रीसला त्यांनी बजावलं की कुणाचीही गय करायची नाही. पोहायला तसं कुणीच जात नसे. आम्ही बायका कडेला बसून पाय सोडायचो, आणि माझा नवरा मधू वर्षातून एकदा पाण्यात उतरून छातीत धरलंय म्हणत बाहेर यायचा. तरी नियम सगळ्यांना आवडला. मलाही. डावी लिफ्ट लवकर येऊ लागली होती.

त्या वर्षी आमच्या मंडळाने एकांकिका स्पर्धा ठेवली. दरवर्षी तेच ते विसरभोळे सासरे आणि गैरसमज झालेल्या सुना बघून मी कंटाळले होते. विषय मिळाला तो सूर्यकांतरावांच्या मुलीकडून. तनया तेव्हा नववीत होती. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या नागरी हक्कांच्या लढ्यावर तिला शाळेचा प्रोजेक्ट होता आणि प्रिंटर आमच्या घरी होता. ती कागद काढत होती आणि मी वाचत होते. अलाबामातल्या एका शहराचा एक कमिशनर. पोलीस, अग्निशामक दल सगळं त्याच्या हाताखाली. कोर्टाने सांगितलं की बागा आणि पोहण्याचे तलाव सगळ्यांना उघडे करा, तर त्या शहराने ते सगळ्यांनाच बंद करून टाकले. पुढे शाळेतली पोरं मोर्चा घेऊन निघाली, तेव्हा या गृहस्थाने त्यांच्यावर बंबाच्या पाण्याचे फवारे आणि कुत्री सोडली. मी तनयाला विचारलं की असल्या माणसाला हाकललं कसं नाही.

“आंटी, ही वॉज इलेक्टेड,” ती म्हणाली. “अगेन अँड अगेन.”

मी दोन आठवड्यांत एकांकिका लिहिली. गावाला नाव दिलं नाही, कमिशनरलाही नाही. गावात पोहण्याचा एक तलाव, आत जायला दारात तिकीट मागणारा एक काळा तरुण, आणि त्याला आत न सोडणारा कमिशनर. शेवटी कमिशनर तलावात माती भरतो आणि गाव उन्हात भाजत बसतं.

लिहिणं सोपं होतं, पुरुष मिळवणं अवघड होतं. मंडळातले चांगले नट मंदीत भारतात परतले होते. मधूला संवाद पाठ होत नाहीत, म्हणून तो प्रॉम्प्टर. कमिशनरसाठी सूर्यकांतरावांना विचारलं. त्यांनी डायरी बघितली, तिच्यात काहीही नव्हतं, आणि हो म्हणाले. काळ्यांच्या भूमिकांसाठी माणसंच नव्हती, तेव्हा मी उजव्या लिफ्टने जाऊन ३०४ ची बेल वाजवली. चौघं एका पायावर तयार झाले.

पहिल्या तालमीला मधू करामाच्या बाजारातून रंगाची डबी घेऊन आला. चौघांची तोंडं काळी करू म्हणाला. मी ती डबी जिन्याखालच्या कचऱ्यात टाकली आणि सांगितलं की कुणाच्याही तोंडाला काही फासायचं नाही. तो म्हणाला, मग लोकांना कळणार कसं? प्रश्न अगदीच चूक नव्हता. नीरव घाऱ्या डोळ्यांचा, गोरापान. आमच्या सगळ्या नटसंचात सर्वांत सावळे होते सूर्यकांतराव. सावळे हा मंजुषाचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा शब्द. तेव्हा आमच्या नाटकात सगळ्यात काळा माणूस गोऱ्यांची बाजू लढवत होता. पहिल्याच दिवशी नीरव हसून म्हणाला, “सर, खरं तर तुम्ही आमच्याकडून पाहिजे होता.” सूर्यकांतराव हसले नाहीत.

तालमी गच्चीवर होत. चार बॅचलर गच्चीवर येणार, म्हणजे नियमाचा प्रश्न आला. सूर्यकांतरावांनी त्यावर विचार केला आणि सवलत दिली. नाटकातले काळे म्हणून त्यांना तालमीपुरतं गच्चीवर यायला परवानगी. पण बॅचलर म्हणून पूलमध्ये पाय घालायला नाही. खाडीत पोहत वाढलेला नीरव रोज त्या निळ्या पाण्याला पाठ करून उभा राहायचा आणि खोट्या तलावाचं तिकीट मागायचा.

मी लिहिलेला कमिशनर ओरडणारा होता, टेबलावर मुठी आपटणारा. सूर्यकांतरावांना तो पटला नाही. त्यांनी तनयाचे सगळे कागद वाचून काढले होते, रेघा मारून. त्यांचं म्हणणं असं की या माणसाला ॲडमिनिस्ट्रेशन कळत नव्हतं. फोटोग्राफर समोर असताना कुत्री सोडायची? दुसऱ्या दिवशी सगळ्या जगाच्या पेपरात फोटो. असा माणूस कुठल्याही ऑफिसात टिकणार नाही. टिकायचं असेल तर आवाज चढवायचा नाही आणि कारण नेहमी सोयीचं द्यायचं. मी म्हटलं, करून दाखवा. त्यांनी चष्मा पुसला, नीरवच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझं पान बाजूला ठेवून बोलू लागले.

“हे बघ, आमचा कुणावर राग नाही. तुम्हालाही तुमच्यातच बरं वाटतं, खरं की नाही? तुमच्यासाठी वेगळी सोय केलेली आहे. थोडी लांब आहे, पण वेगळी आहे. इथे बायका-मुलं येतात. उद्या काही झालं तर बोल तुलाच लागेल. मी तुझ्याच भल्याचं सांगतोय.”

मधूने प्रॉम्प्टरची वही खाली ठेवली. अंगावर काटा यावा असं झालं होतं, आणि त्यांना त्यातलं काहीही कळलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं की लेंग्थ बरोबर आहे ना. मी त्यांचं भाषण जसंच्या तसं संहितेत घेतलं. नीरवनेही उत्तर बदललं. माझा नायक स्वातंत्र्यावर अर्धं पान बोलत असे. नीरव फक्त म्हणाला, “साहेब, मला पोहायचंय.” तेही मी ठेवलं. माझ्या नाटकातली दोन चांगली वाक्यं अशी दोघांनी मिळून लिहिली.

फेब्रुवारीत सूर्यकांतरावांच्या कंपनीने पगार कापला आणि घरभाडं देणं बंद केलं. त्या पगारात बायको-मुलीचा व्हिसा पुढे चालणार नव्हता. मार्चअखेर तनयाची शाळा संपली की दोघींनी पुण्याला जायचं ठरलं. मंजुषाने हे मला भाजी निवडताना सांगितलं, रडण्याबिडण्याच्या भानगडीत न पडता. ती म्हणाली, “हे तिकडे येणार नाहीत. रिकामे परत आले असं दिसेल ना. इथे रिकामे बसतील, पण टाय लावून.” तनयाला विमानतळावर मी पुण्याची शाळा आवडेल का विचारलं, तेव्हा तिने खांदे उडवले. “आय डोंट इव्हन नो पुणे,” म्हणाली. सूर्यकांतराव ट्रॉली ढकलत पुढे चालले होते. त्यांनी ते ऐकलं असावं, कारण ट्रॉली उगाचच एका खांबाला लागली.

परतल्यावर ते डाव्या लिफ्टकडे गेले आणि इद्रीस खुर्चीतून उठला. इद्रीस पेशावरकडचा, सहा फूट उंच, पण बोलायला मऊ.

“साहब, आप अब उधर से,” त्याने उजवीकडे हात केला.

सूर्यकांतरावांना वाटलं तो थट्टा करतोय. इद्रीस थट्टा करत नव्हता. त्याला सांगितलं होतं की कुणाची गय करायची नाही, आणि मॅडम व बेबी सामानासकट गेलेल्या त्याने स्वतः बघितल्या होत्या. सामान त्यानेच टॅक्सीत चढवलं होतं.

त्या संध्याकाळी ते आमच्याकडे तक्रार घेऊन आले. कमिटीत फक्त फॅमिलीवाल्याने असावं हा नियमही त्यांचाच, त्यामुळे सेक्रेटरीपद आपोआप मधूकडे आलं होतं. मधूने आयुष्यात कधी कुठलं पद भूषवलं नव्हतं. तो सोफ्यावर जरा ताठ बसला होता. सूर्यकांतरावांनी समजावलं की आपण बॅचलर नाही, आपली फॅमिली आहे, ती तात्पुरती पुण्यात आहे.

“३०४ मधल्या सगळ्यांच्याही तात्पुरत्याच तिकडे आहेत,” मधू म्हणाला.

“अहो, पण मधुकरराव, मी आणि ते यात काही फरक आहे की नाही?”

मधूने विचार केल्यासारखं केलं. मग तो अतिशय प्रेमाने म्हणाला की त्याचा कुणावर राग नाही, पण एकाला सूट दिली की सगळे मागतात. बोलताना त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी चहा आणत होते, दारातच थांबले. प्रॉम्प्टर असल्यामुळे त्याला ते भाषण तोंडपाठ होतं, आणि आपण ते वापरतोय हे त्याला कळलंही नव्हतं.

सूर्यकांतराव उजव्या लिफ्टने जाऊ लागले. पहिले काही दिवस ते जिन्यानेच चढले, पण पाचवा मजला आणि गुडघे यांचं जमेना. लिफ्टमध्ये गॅसच्या सिलिंडरशेजारी उभे असलेले नीरव आणि त्याचे मित्र त्यांना जागा करून देत. कुणी टोमणा मारला नाही, आणि ते त्यांना जास्त लागलं, असं नंतर एकदा बोलून गेले. रोज सॅन्डविच खाताना बघून नीरवने त्यांना खिचडीला बोलावलं. ते गेले. गेल्या गेल्या त्यांनी ३०४ मध्ये तांदूळ किती वेळा धुवावेत आणि चपला कुठल्या क्रमाने ठेवाव्यात हे सांगितलं. मुलांनी ऐकून घेतलं आणि तांदूळ पूर्वीसारखेच धुतले. पुढच्या आठवड्यापासून ते रोज तिथेच जेवू लागले.

नाटकाचं मात्र बिघडलं. त्यांचा कमिशनर एकदम ओरडू लागला, मुठी आपटू लागला, मी आधी लिहिला होता तसा. मी म्हटलं, सूर्यकांतराव, तुमचा तो गोड माणूस कुठे गेला? ते म्हणाले की त्या माणसाचा आता राग येतो. मी सांगितलं की राग प्रेक्षकांना येऊ द्या, तुम्ही गोडच राहा. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते जड जात होतं.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी प्रयोग झाला. हॉल भरला होता, मंदीत फुकटच्या करमणुकीला गर्दी होतेच. नाटक बरं चाललं होतं. सूर्यकांतराव पूर्वीसारखे मऊ बोलत होते. वेगळी सोय, थोडी लांब, बायका-मुलं येतात. आणि त्या वाक्याला मागच्या रांगांतून टाळ्या आल्या. नटाला मिळतात तशा नव्हत्या त्या. मुद्दा पटल्यावर वाजवतात तशा होत्या. एक गृहस्थ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालेही, की बरोबर आहे, आमच्या बिल्डिंगमध्ये हेच करायला पाहिजे.

सूर्यकांतराव थांबले. विंगेतून मधूने पुढचं वाक्य दिलं, दोनदा दिलं. ते पुढे रंगमंचाच्या कडेला आले आणि हाताने डोळ्यांवर सावली करून मागच्या रांगांकडे बघू लागले.

“टाळ्या कशाला वाजवताय?” ते म्हणाले. “मी यातला वाईट माणूस आहे.”

हॉलमध्ये काही लोक हसले.

“नाही, हसू नका. मला कळू द्या. तुम्हाला काय आवडलं यातलं? तुमची फॅमिली इथे आहे म्हणून आवडलं? उद्या पाठवावी लागली तर? माझी गेली मागच्या महिन्यात. मी तोच आहे. ब्लड ग्रुपसुद्धा तोच आहे.”

मी विंगेत कपाळावर हात मारून घेतला. पडदा पाडावा का, असं पडदेवाला खुणेने विचारत होता. ते आणखी काय बोलले असते देव जाणे, पण नीरव पुढे आला, त्यांच्या बाहीला धरून त्याने त्यांना हळूच वळवलं आणि म्हणाला, “साहेब, मला पोहायचंय.” सूर्यकांतरावांनी त्याच्याकडे बघितलं. ते पुढचं वाक्य विसरले होते. नाही म्हणायचं होतं त्यांना, तेच विसरले होते. शेवटी मधूने विंगेतून जवळजवळ ओरडून सांगितलं, “नाही म्हणा!” ते हॉलभर ऐकू गेलं आणि त्याच्यावर तुफान हशा झाला.

परीक्षकांनी नंतर आमचं फार कौतुक केलं. प्रेक्षकांना नाटकात ओढण्याचा आणि प्रॉम्प्टरलाच सत्तेचा आवाज करण्याचा प्रयोग आखातातल्या मराठी रंगभूमीवर प्रथमच झाला, म्हणाले. दुसरा नंबर मिळाला. पहिला विसरभोळ्या सासऱ्याला.

त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी सूर्यकांतराव ३०४ च्या चौघांना घेऊन गच्चीवर गेले आणि पाचही जण पूलमध्ये उतरले. गच्चीच्या दाराशी इद्रीस खुर्चीतून उठला होता, पण पाच जणांना अडवायचं तर आधी कुणाला, हे त्याला ठरवता आलं नाही. मी कपडे वाळत घालत होते. तेव्हा कळलं की सूर्यकांतरावांना पोहताच येत नाही. चार फूट पाण्यात ते कठड्याला धरून उभे होते, पोट आत घेऊन, आणि नीरव त्यांना पाय मारायला शिकवत होता. मधू आला. बनियनवर घाईने शर्ट चढवला होता. त्याने नियमाची आठवण करून दिली.

“नियम माझाच होता,” पाण्यातून सूर्यकांतराव म्हणाले. “तो चूक होता. मी काढून टाकतो.”

“तुम्ही आता सेक्रेटरी नाही,” मधू म्हणाला.

“मग तुम्ही काढा.”

मधूने काढला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मेंटेनन्सच्या नावाखाली पूलचं पाणी सोडून दिलं. माझ्या नाटकाचा शेवट ज्याने तालमीच्या प्रत्येक दिवशी माझ्या शेजारी बसून वाचला, त्याने ते केलं. मी त्याला हे तोंडावर सांगितलं. तो खरंच गोंधळला. ते वेगळं, तिथे काळे-गोरे होते, म्हणाला. आमचं त्यावरून जे झालं ते घराबाहेर सांगण्यासारखं नाही. त्याने सेक्रेटरीपद सोडलं तो दिवस बिल्डिंगमध्ये कुणाच्या लक्षातही आला नाही. नोटिशीचा कागद उन्हाने पिवळा पडत पडत गळून गेला.

पूल मात्र कोरडाच राहिला. पंप बिघडला होता आणि मालक काही नवा बसवेना. आमच्या पोरांनी त्यात क्रिकेट सुरू केलं. निळ्या फरशांच्या त्या खड्ड्यात चेंडू बाहेर जायची भीती नव्हती. गोलंदाज कमी पडू लागले तसे ३०४ मधले मुलगे आत घेतले गेले. क्रिकेटबद्दल नियम कुणी केलाच नव्हता.

सूर्यकांतराव अकरा साली फुजैराला एका तेलाच्या टर्मिनलवर लागले. पगार पूर्वीपेक्षा कमी, पण तिथे खरोखर काम होतं. पुढच्या वर्षी मंजुषा परत आली. तनया अकरावीला पुण्यातच राहिली. तिला आता पुणे माहीत झालं होतं आणि सोडायचं नव्हतं. मी एकदा त्यांच्याकडे गेले. बाल्कनीतून नांगरलेली जहाजं दिसत होती. जेवताना सूर्यकांतराव शेजारच्या फ्लॅटमधल्या खलाशांबद्दल बराच वेळ बोलले. माणसं चांगली, पण मासळी कुठे वाळत घालावी याचा सेन्स नाही. मंजुषाने माझ्याकडे बघितलं.

ते बाल्कनीत गेल्यावर मी तिला विचारलं, बदलले का गं काही?

“पूर्वी सांगायचे, आता विचारतात,” ती म्हणाली. “उत्तर ऐकतात असं नाही.”

तेवढ्यात ते आत आले आणि चहा कोण कोण घेणार म्हणाले. मी नको म्हटलं, मंजुषाही नको म्हणाली. ते स्वयंपाकघरात गेले आणि थोड्या वेळाने तीन कप घेऊन आले. आलं जरा जास्त झालं होतं. आम्ही प्यालो.